तपासलेलं पत्र

मंजुषा शेजूळ त्या वस्तीवरच्या शाळेत जूनमध्ये रुजू झाली, तेव्हा आपले वाईट दिवस संपले असं तिला वाटलं होतं. नोकरीची पहिली नऊ वर्षं तिनं घरापासून लांब, परक्या जिल्ह्यातल्या डोंगरात काढली होती. नवरा आणि मुलगी छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या दोन खोल्यांत, आणि ही तिकडे. बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा ती कार्यालयाच्या आवारातच, सगळ्यांसमोर रडली होती. नवी शाळा शहरापासून बसनं सव्वा तासावर. फाट्यावर उतरायचं आणि पुढं दोन किलोमीटर कच्चा रस्ता. पण तेवढंही तिला चालावं लागत नसे. मुख्याध्यापक मनगटे सर रोज सकाळी मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे असत.

बद्रीनाथ मनगटे सर त्या शाळेत अठरा वर्षं होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची, पहिली ते पाचवी मिळून तेवीस मुलांची. लहान वर्ग सरांकडे, चौथी-पाचवी मंजुषाकडे. हजेरी, खिचडीचा तांदूळ, ऑनलाइन भरायची माहिती, हे सगळं सर बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "बाई, तुम्ही फक्त शिकवा. कागद मी बघतो." नऊ वर्षांत असं म्हणणारा मुख्याध्यापक तिला भेटला नव्हता.

तेवीसांतली बारा मुलं मेंढपाळांच्या घरची होती. दिवाळी झाली की ही घरं उठायची. घोड्यावर पाल, भांडी आणि कोंबड्या लादून, मेंढरं पुढं घालून ती पैठणकडं, गोदावरीकाठच्या बागायती शिवारात जायची. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, बदल्यात धान्य देत. जूनच्या तोंडाशी माणसं परतायची. हजेरीपटावर मात्र मुलं कुठंच जात नसत. सर रोज सकाळी त्यांच्या नावापुढं हजेरी लावत. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करायच्या यादीत जाईल, अशी धास्ती होती. आणि मुलाचं नाव एकदा कमी झालं की बाप जूनमध्ये त्याला परत शाळेत आणून घालत नाही, हे सरांनी अठरा वर्षांत पाहिलं होतं. वस्तीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मंजुषा आली तेव्हा सगळी घरं परतलेली होती, वर्ग भरलेला होता. पाचवीतली काही मुलं अजून अक्षरं जुळवत वाचतात हे तिच्या लक्षात आलं होतं, पण अशी मुलं तिनं सगळीकडेच पाहिली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिनं औपचारिक पत्र शिकवायला घेतलं. सल्ला मागणारं पत्र आणि सल्ला देणारं पत्र. हा भाग तिच्या आवडीचा होता. गाइडमधली पत्रं फळ्यावर उतरवून देणं तिला जमत नसे. तिनं पाचवीच्या अकरा मुलांचे दोन गट केले. एका गटानं आपली खरी अडचण एखाद्या अधिकाऱ्याला कळवून सल्ला मागायचा, दुसऱ्या गटानं तो अधिकारी होऊन उत्तर द्यायचं.

प्रति कुठं, विषय कुठं, महोदय कुठं, सही कुठं, हे तिनं फळ्यावर आखून दाखवलं. मग खडू ठेवला आणि म्हणाली, "ज्याला पत्र लिहिताय त्याला तुमचं घर दिसत नाही. तुमची वस्ती दिसत नाही. म्हणून सगळं सांगायचं. काही लपवलं तर सल्ला चुकीचा येतो."

"खरंखुरं लिहायचं का बाई?" आकाशनं विचारलं.

"खोटं लिहायचं असेल तर कागद कशाला वाया घालवायचा," ती म्हणाली.

सल्ला देणाऱ्या गटाला तिनं सांगितलं, की उत्तर देताना रागवायचं नाही. समोरच्याची अडचण आपल्याला कळली हे आधी लिहायचं, आणि मग त्याला जमेल असंच सांगायचं. जमणार नाही ते सांगितलं तर तो सल्ला नाही, नुसता हुकूम.

मुलांनी तीन दिवस घेतले. आकाशनं जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, की आमची शेळी फक्त आजीलाच दूध काढू देते आणि आजी गावाला गेली की काय करावं. एकीनं एसटीच्या साहेबांना लिहिलं, की संध्याकाळची बस फाट्यावर हात करूनही थांबत नाही. शेवटच्या रांगेत बसणाऱ्या रत्नमाला शिंगाडेनं गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहिलं. ती अकरा वर्षांची होती, बोलायची कमी, पण अक्षर टपोरं आणि ओळ सरळ. तिच्या वहीतलं पत्र असं होतं :

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,

विषय : शाळा चुकू नये म्हणून सल्ला मिळणेबाबत.

महोदय,

मी इयत्ता पाचवीत शिकते. आमच्याकडे सत्तर मेंढरं आहेत. दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन पैठणकडे जातो आणि पावसाच्या वेळी परत येतो. तिकडे मी कोकरं सांभाळते. त्यामुळे मी वाचायला विसरते. परत आल्यावर मला पहिल्यापासून अक्षरं जुळवावी लागतात. आमचे मनगटे गुरूजी खूप चांगले आहेत. मी नसले तरी ते माझी हजरी लावतात, म्हणून मी दरवर्षी पास होते. पण पास होऊनही मला भागाकार येत नाही. तरी मी काय करावे याचा सल्ला द्यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
रत्नमाला भिकन शिंगाडे

मंजुषानं या वह्या परतीच्या बसमध्ये तपासल्या. खिडकीजवळची जागा मिळाली होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता आणि हातात लाल पेन. रत्नमालानं 'गुरूजी' लिहिलं होतं, ते तिनं 'गुरुजी' केलं. 'हजरी' लिहिलं होतं, तिथं मात्रा देऊन 'हजेरी' केलं. 'पास होऊनही मला भागाकार येत नाही' या वाक्यावर ती थांबली. अकरा वर्षांच्या मुलीनं हे वाक्य लिहावं याचा तिला इतका आनंद झाला, की तिनं त्याच्याखाली रेघ मारली आणि बाजूला 'छान' असं लिहिलं. त्याच्या आधीचं वाक्यही तिनं वाचलं होतं. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम सगळं जागेवर होतं. ती पुढच्या वहीकडे वळली.

उत्तर देणाऱ्या गटातल्या सत्यमकडे रत्नमालाचं पत्र गेलं होतं. त्यानं साहेब होऊन लिहिलं, की तुमची अडचण आम्हास कळली, तुमची चूक नाही. तुम्ही पुस्तक सोबत न्यावे आणि रोज एक पान कोकरांना वाचून दाखवावे. ज्या शेतात मेंढरं बसतील तिथल्या गावच्या शाळेत जाऊन बसावे, आम्ही तिथल्या गुरुजींना फोन करू. वर्गात हे उत्तर वाचलं तेव्हा मुलं कोकरांवर हसली, आणि रत्नमालाही हसली. मंजुषानं सत्यमला पैकीच्या पैकी गुण दिले.

मग तिच्या मनात आलं, की यातली तीन पत्रं खरोखरच पाठवावी. मुलांनी आयुष्यात एकदा तरी पाकिटावर पत्ता लिहावा, पोस्टात टाकावं आणि उत्तराची वाट बघावी. रत्नमालाचं पत्र त्या तिघांत पहिलं होतं. मुलांनी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात पत्रं उतरवली. पाकिटं घेऊन ती मनगटे सरांकडे गेली. सर खूश झाले. शाळेचा शिक्का काढून त्यांनी प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात उमटवला. तिनं वाचून बघायला सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही तपासलीत ना?"

"तपासली."

"मग मी काय वाचायची."

दुसऱ्या दिवशी तिनं शहरातल्या पोस्टात पाकिटं टाकली.

महिना गेला, उत्तर कुणाचंच आलं नाही. दिवाळी झाली. शाळा उघडली त्या दिवशी पाचवीत अकराऐवजी पाच मुलं होती. भिकन शिंगाडे आदल्या आठवड्यातच बायको, लेक आणि मेंढरं घेऊन गेला होता. त्या दिवशी मंजुषानं पहिल्यांदा सरांना हजेरी भरताना नीट पाहिलं. तेवीस नावं, तेवीस खुणा. तिला ते खटकलं. मधल्या सुट्टीत तिनं विषय काढला. सरांनी शांतपणे सगळं सांगितलं. नावं राहिली की मुलं राहतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तांदळाबद्दलही त्यांनी स्वतःहून सांगितलं. ताटं कमी लागत असली तरी वस्तीवरची शाळेत न बसणारी लहान लेकरं रोज भांडं घेऊन दारात येतात, सगळं त्यांच्या पोटात जातं. आपण नवीन आहोत, वर्षभरात सर जातील, तेव्हा बघू, असं मंजुषानं ठरवलं. पत्राची आठवण तिला तेव्हाही झाली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका बुधवारी, पंचायत समितीचे विस्तार अधिकारी न कळवता आले. सोबत एक शिपाई. त्यांनी दोन्ही वर्गांतली मुलं व्हरांड्यात ओळीनं उभी केली आणि मोजली. दहा भरली. मग हजेरीपट मागवला. त्यावर त्या दिवशीच्या बावीस खुणा होत्या. सरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी पिशवीतून एक कागद काढला. टपोरं अक्षर मंजुषानं लांबूनच ओळखलं. साहेब मोठ्यानं वाचू लागले. सत्तर मेंढरं, पैठण, कोकरं. "आमचे मनगटे गुरुजी खूप चांगले आहेत" इथं ते थांबले आणि सरांकडे बघून पुढचं वाक्य सावकाश वाचलं.

मुलं ओळीत उभी होती. आपल्या वर्गातल्या मुलीचं पत्र साहेब वाचतायत म्हणून सत्यमच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"शाळेचा शिक्काही आहे यावर," साहेब म्हणाले. "म्हणजे तुम्हीच कळवलंत, असं समजायचं का?"

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत लावला. साहेबांनी पंचनामा लिहिला, तांदळाचं पोतं मोजायला लावलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि गेले.

दुपारी सर मंजुषाच्या वर्गात आले. त्यांनी रत्नमालाची मराठीची वही मागितली. मुलं जाताना वह्या शाळेत ठेवून जात. तिनं कपाटातून काढून दिली. सरांनी पान शोधलं आणि उभ्यानंच वाचलं. त्यांचं बोट 'हजेरी'वरच्या लाल मात्रेवर थांबलं.

"बाई, हे तुम्ही तपासलंय."

"मी शुद्धलेखन तपासलं, सर."

"तेवढंच?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. बस, गठ्ठा, खालचं वाक्य, आनंद. बोलता बोलता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. ज्या वाक्यातली मात्रा आपण सुधारली, ते वाक्य आपण वाचलंच नाही, हे कुणाला पटणार?

"मी गेल्यावर चार्ज तुमच्याकडंच येणार होता," सर म्हणाले. "वर्षभर थांबायचं होतं नुसतं."

वही बाकावर ठेवून ते निघून गेले. त्या दिवसापासून फाट्यावर मोटारसायकल आली नाही. दोन किलोमीटर चालताना वस्तीवरच्या बायका समोरून येत आणि रस्त्याची दुसरी कड धरत. शाळा समितीचे अध्यक्ष पुंजाराम एकदा विहिरीपाशी भेटले. म्हातारा माणूस, कधी आवाज न चढवणारा. ते म्हणाले, "बाई, आमची शाळा तुमाला जड झाली व्हती तर आमाला सांगायचं. साहेबाला कशाला लिवलं? अन तेबी लेकराच्या हातानं."

पंधरा दिवसांनी दोघांनाही खुलासा मागणारी नोटीस आली. मंजुषाला विचारलं होतं, की सदर विद्यार्थिनीच्या पत्रातील मजकूर पाठविण्यापूर्वी आपल्या निदर्शनास आला होता काय? नोटीस घेऊन ती तालुक्याला गेली. कार्यालयातला एक जुना लिपिक तिच्या माहेरच्या गावाकडचा निघाला. त्यानं तिला बसवलं, चहा मागवला आणि फाइल बाजूला सारून बोलला. वाईट माणूस नव्हता.

"ताई, मी सल्ला देतो, पटला तर बघा. निदर्शनास आलं नाही असं लिहिलंत, तर न वाचता पत्र पाठवलं, म्हणजे तुमचा निष्काळजीपणा. परत लांबची बदली, वेतनवाढ बंद. निदर्शनास आलं असं लिहिलंत, तर तुम्ही दक्ष. मनगट्यांचं व्हायचं ते होणारच आहे. ते तुमच्यानं थांबत नाही."

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सही कर आणि मोकळी हो, नऊ वर्षं झाली तेवढी बस झाली. मुलगी आठवीत होती. आईला परत जावं लागणार का, एवढंच तिनं दारातून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मंजुषा परत तालुक्याला गेली. खोटं लिहिणार नाही, असं तिनं लिपिकाला सांगितलं. तो हसला. खोटं लिहायला सांगतंय कोण, म्हणाला. त्यानं सांगितलं आणि तिनं लिहिलं : 'सदर पत्र मी तपासले असून त्यानंतरच ते मा. कार्यालयास सादर करण्यात आले.' तिनं ते तीनदा वाचलं. शब्द न शब्द खरा होता. खाली तिनं सही केली.

तिच्या खुलाशाची प्रत सरांना गेली. जानेवारीत सर निलंबित झाले. तालुक्यात सगळे त्यांना तांदूळचोर म्हणू लागले. चार्ज मंजुषाकडे आला. हजेरीपटावर आता जेवढी मुलं तेवढ्याच खुणा पडत होत्या. पट अकरा झाला. पुढच्या जूनपासून ही शाळा फाट्यापलीकडच्या, चार किलोमीटरवरच्या शाळेत मिळवायची, असं पत्र फेब्रुवारीत आलं.

त्याच टपालात आणखी एक पाकीट होतं. त्यावर नाव होतं, श्रीमती रत्नमाला भिकन शिंगाडे. आकाशच्या शेळीला उत्तर आलं नव्हतं, बसलाही नव्हतं. हे एकच आलं होतं.

पाकीट मंजुषानं तीन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. मग एका रविवारी ती पैठणच्या एसटीत बसली. भिकनचा ठावठिकाणा तिनं वस्तीवरून चौकशी करून घेतला होता. सांगणाऱ्या बाईनं तिच्याकडे न बघताच गावाचं नाव सांगितलं होतं. धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका गावात ती उतरली आणि ऊस तोडलेल्या रानांतून विचारत विचारत गेली. एका नांगरटीत पाल दिसलं. मेंढरं लांब चरत होती. रत्नमाला जाळीच्या कुंपणात कोकरांना पाला टाकत होती. बाईंना बघून ती उठून उभी राहिली, पण जवळ आली नाही.

भिकन पालातून बाहेर आला. त्यानं पोतं अंथरलं, तांब्या पुढं ठेवला. मग उभ्याउभ्याच बोलला. वस्तीवरून फोन आला होता, त्याला सगळं माहीत होतं. गुरुजी त्याच्या लग्नात जेवायला आले होते, त्यानंच सांगितलं. रत्नीचं नाव पहिलीत घालायला तो तयार नव्हता, तेव्हा गुरुजी चार वेळा घरी आले होते.

"अन ह्या पोरीनं त्यांनाच खाल्लं," तो म्हणाला. "लई मारलं म्या तिला. तिला बी कळंना कशापायी, अन मला बी मारून बरं वाटलं नाय."

मंजुषानं पोरीची चूक नाही असं सांगितलं. चूक माझी, असंही ती म्हणाली. भिकननं मान हलवली, पण ते त्याला पटल्यासारखं दिसलं नाही. तो मेंढरांकडे निघून गेला.

मग रत्नमाला आली आणि पोत्याच्या कडेला बसली. मंजुषानं पाकीट तिच्या हातात दिलं. पोरीनं ते उलटंपालटं करून आपलं नाव वाचलं. श्रीमती या शब्दाला ती अडखळली. कागद उघडून ती बोट ठेवून वाचू लागली, पण 'अनुषंगाने' हा शब्द तिला फुटेना. तिनं कागद बाईंकडे दिला. मंजुषानं वाचून दाखवला. आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर प्रकरणी संबंधितांवर नियमानुसार कार्यवाही करण्यात आलेली आहे. आपण शाळेत नियमित उपस्थित राहावे.

"म्हंजी काय?" रत्नमालानं विचारलं.

"रोज शाळेत ये, असं म्हणतात."

रत्नमाला कोकरांकडे बघत राहिली. सत्यमनं लई चांगलं लिहिलं होतं, असं ती हळूच म्हणाली. तिनं त्याचं ऐकून गावातल्या शाळेत जाऊनही पाहिलं होतं. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, दाखला मागितला आणि उद्या बापाला घेऊन ये म्हणून सांगितलं. बाप आला नाही.

मग तिनं विचारलं, "बाई, माझ्या पत्रात काय चुकलं व्हतं?"

"काही चुकलं नव्हतं."

"मंग असं लिवायचं नसतं, ते तुमी का नाय सांगितलं? तुमी तर वाचलं व्हतं की."

बसमध्ये वाचलं, रेघ मारली, छान लिहिलं, हे त्या पोरीला सांगून काय होणार होतं? मंजुषानं सोबत आणलेली गणिताची वही आणि दोन पेन्सिली पिशवीतून काढून पोत्यावर ठेवल्या. रत्नमालानं त्या घेतल्या नाहीत, नको असंही म्हटलं नाही. एक कोकरू जाळीत अडकून ओरडायला लागलं, तशी ती उठून गेली आणि परत आली नाही. मंजुषा बरीच वाट बघून बसस्टॉपकडे चालू लागली.

जूनमध्ये वस्तीवरच्या शाळेला कुलूप लागलं. मंजुषाला फाट्यापलीकडच्या शाळेत घेतलं. घरापासून ती आणखी जवळ पडली. मेंढपाळांच्या बारा मुलांतली तीन त्या शाळेत आली. मोठ्या रस्त्यावर वाळूचे हायवा ट्रक धावतात, म्हणून बाकीच्यांना आयांनी पाठवलं नाही. मनगटे सर निलंबनातच डिसेंबरमध्ये निवृत्त होणार, असं ऐकू येत होतं.

जुलैत शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आलं. प्रत्येक शिक्षकाला वस्त्या वाटून दिल्या जातात, हातात छापील तक्ता असतो. मंजुषाच्या वाट्याला तीच वस्ती आली. शिंगाड्यांच्या घराच्या ओट्यावर रत्नमालाची आजी, सखूबाई, एकटीच शेंगा फोडत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पावलांचा आवाज ऐकून तिनं कोण म्हणून विचारलं.

"सर्व्हेला आलेय," मंजुषा म्हणाली.

सखूबाईनं तिला बसायला सांगितलं, फोडलेल्या शेंगांचे दाणे मूठभर पुढं केले. भिकन यंदा आलाच नाही, म्हणाली. तिकडंच एका बागायतदारानं वर्षभरासाठी ठेवून घेतलंय, नातही तिकडंच. मग कुणीतरी ऐकणारं मिळालं म्हणून तिनं सगळं सांगितलं. गुरुजी कसे देवमाणूस होते, शाळा कशी गेली. "शहरातून येक बाई आली व्हती. लई शिकलेली म्हनं. तिनं आमच्या पोरीकडून कागद लिवून घेतला अन समद्यांचा घास काढला. तुमी वळखता का तिला?"

"नाही," मंजुषा म्हणाली.

तिनं तक्ता गुडघ्यावर ठेवला. नाव, वडिलांचं नाव, वय, शेवटची इयत्ता, एकेक रकाना ती भरत गेली. शाळाबाह्य असण्याचं कारण, या रकान्याखाली पाच-सहा कारणं छापलेली होती, त्यांतलं एक निवडायचं होतं. तिनं 'स्थलांतर'पुढं खूण केली आणि खाली सही केली. सखूबाई तिला चहासाठी थांबवत होती. अजून नऊ घरं राहिली होती. ती उठली आणि शेजारच्या घराकडे गेली.